पन्हळीतले अणू : ‘क्वांटम होकायंत्रा’च्या दाव्यांची चिकित्सा

मार्च २०२४ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे संरक्षणमंत्री ग्रँट शॅप्स हवाई दलाच्या विमानाने पोलंडहून मायदेशी परतत होते. विमान रशियाच्या कालिनिनग्राद प्रांताजवळून जात असताना सुमारे अर्धा तास जीपीएसचे संकेत मिळेनासे झाले. वैमानिकांपाशी दिशा आणि ठिकाण कळण्याची दुसरी साधने होती, त्यामुळे विमान सुखरूप पोचले. पण बातमी जगभर गेली. वीस हजार किलोमीटरवरून येणारा क्षीण संकेत जमिनीवरच्या एखाद्या ट्रान्समीटरने सहज बुडवता येतो, ही जाणकारांना जुनी असलेली गोष्ट सामान्य वाचकालाही कळली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, ब्रिटिश सरकारने बॉस्कम डाउन येथील एका चाचणी-उड्डाणाची घोषणा केली. ज्यांचे काम बाहेरून बंद पाडता येणार नाही अशी ‘क्वांटम’ मार्गनिर्देशनाची साधने विमानातून उडवून पाहिली, असा त्या घोषणेचा आशय होता. तेव्हापासून ‘क्वांटम होकायंत्र’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला आहे.

या शब्दामागे एक खरे, सुंदर आणि अवघड विज्ञान आहे. त्यातही ‘मार्गबद्ध अणू-व्यतिकरणमापन’ ही जी शाखा आहे, म्हणजे अणूंना मोकळे पडू न देता प्रकाशाच्या किंवा चुंबकीय क्षेत्राच्या पन्हळीतून चालवणे, तिच्याकडे प्रयोगशाळेबाहेर पडण्याचा राजमार्ग म्हणून पाहिले जाते. तो दावा कितपत खरा आहे, कोणत्या अर्थाने खरा आहे, आणि तो सांगताना काय गाळले जाते, हे या लेखात तपासायचे आहे. आपल्याकडेही या क्षेत्रावर सार्वजनिक पैसा खर्च होऊ लागला आहे, तेव्हा ही तपासणी केवळ हौसेची नाही.

डोळे मिटून प्रवास

रात्रीच्या एसटीत डोळे मिटून बसलेल्या प्रवाशाला गाडीने वेग घेतला, ब्रेक लावला, वळण घेतले हे शरीराला बसणाऱ्या ओढीवरून कळते. त्याने प्रत्येक ओढ अचूक नोंदवली आणि तिचा हिशेब न चुकता ठेवला, तर खिडकीबाहेर न पाहताही गाडी कुठे आहे हे त्याला सांगता येईल. जडत्वीय मार्गनिर्देशन म्हणजे हेच. त्वरणमापक ओढ मोजतो, जायरोस्कोप वळण मोजतो, आणि संगणक बेरजा करतो. बाहेरून कोणताही संकेत लागत नाही, म्हणून तो बुडवताही येत नाही. पाणबुड्या, क्षेपणास्त्रे आणि प्रवासी विमाने कित्येक दशके या पद्धतीवर चालत आली आहेत. म्हणजे ‘बंद पाडता न येणारे’ हा गुण क्वांटमचा नव्हे, जडत्वाचा आहे. जाहिरातीतली पहिली गल्लत इथेच होते.

या पद्धतीचा शत्रू आहे चुकीची बेरीज. त्वरणमापकात गुरुत्वाच्या दशलक्षांश भागाइतकी कायमची चूक असेल, तर साध्या हिशेबाने तासाभरात ठिकाण साठेक मीटर चुकते. प्रत्यक्षात पृथ्वीच्या गोलाईमुळे या चुकीला लगाम बसतो. ती सुमारे ८४ मिनिटांच्या झोक्यात वरखाली होते, अमर्याद वाढत नाही. जायरोस्कोपच्या चुकीला मात्र असा लगाम नाही. ताशी एक शतांश अंश इतकी चूक असलेला जायरोस्कोप, आणि विमानातला चांगला जायरोस्कोप साधारण याच दर्जाचा असतो, दर तासाला किलोमीटरभर अंतराने फसवतो, आणि ही फसवणूक साठत जाते. दीर्घ प्रवासात खरी निकड आहे ती उत्तम जायरोस्कोपची. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

अणू कशासाठी?

१९९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क कासेविच आणि स्टीव्हन चू यांनी थंड केलेल्या सोडियम अणूंवर लेसरचे तीन झटके देऊन एक प्रयोग केला. क्वांटम नियमांनुसार अणू हा तरंगही असतो. पहिल्या झटक्याने त्या तरंगाचे दोन वाटांवर विभाजन होते, दुसऱ्याने दोन्ही वाटा एकमेकींकडे वळतात आणि तिसऱ्याने त्यांचे मीलन होते. मधल्या काळात उपकरणाला जे त्वरण मिळाले असेल, त्याच्या प्रमाणात दोन तरंगांच्या चढउतारांत फरक पडतो, आणि शेवटी किती अणू कोणत्या अवस्थेत सापडले ते मोजून हा फरक वाचता येतो. मोजपट्टी असते लेसरची तरंगलांबी, आणि पडणारी वस्तू असते अणू. रुबिडियमचा अणू पुण्यात असो की पॅरिसात, सारखाच. तो झिजत नाही, त्याची स्प्रिंग सैल होत नाही. या पद्धतीचे सारे आकर्षण या एका वाक्यात आहे : उपकरणाचा मानदंड कारखान्यात नव्हे, निसर्गात ठरलेला आहे.

पण या अचूकतेची किंमत जागेत मोजावी लागते. फरक हा झटक्यांमधल्या काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रुबिडियमसाठी दोन झटक्यांत १० मिलिसेकंद ठेवले, तर पृथ्वीच्या गुरुत्वामुळे सुमारे अडीच हजार आवर्तनांचा फरक पडतो आणि अणू एकूण दोन मिलिमीटर खाली पडतात. १०० मिलिसेकंद ठेवले तर अडीच लाख आवर्तने मिळतात, पण पडणे वीस सेंटिमीटरचे होते. शंभर पट संवेदना हवी तर शंभर पट जागा. प्रयोगशाळेत उंच नळी उभारता येते. विमानाच्या पोटात नाही. शिवाय विमान वळते, जहाज डुलते. खाली पडायला जागा ठेवली तरी आडव्या ओढीने अणू लेसरच्या झोताबाहेर निघून जातात.

बाहेरची आजवरची कमाई

प्रयोगशाळेबाहेर काहीच झाले नाही असे मुळीच नाही. २०११ मध्ये फ्रेंच संशोधकांनी परवलयाकार उड्डाणे करणाऱ्या एअरबस ए-३०० विमानात अणू-व्यतिकरणमापकाने विमानाचे त्वरण टिपल्याचे प्रसिद्ध केले. फ्रान्सच्याच ओनेरा या संस्थेच्या गटाने २०१८ मध्ये जहाजावरून आणि नंतर आइसलँडवर विमानातून गुरुत्वाचे निरपेक्ष मापन केले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने रस्त्याखालचा सुमारे दोन मीटर रुंदीचा बोगदा गुरुत्वातल्या सूक्ष्म फरकावरून शोधला. एटना ज्वालामुखीवर फ्रेंच बनावटीचे अणू-गुरुत्वमापक महिनोन्‌महिने चालले. ही सगळी खरी यशे आहेत.

परंतु समीक्षकाने इथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. यांतली बहुतेक यशे गुरुत्वमापनाची आहेत, मार्गनिर्देशनाची नाहीत. गुरुत्व मोजणाऱ्याला जहाजाचे डुलणे हा गोंगाट असतो, तो सरासरी काढून घालवतो. मार्ग शोधणाऱ्याला तेच डुलणे, तेच वळणे हवे असते. त्याने सरासरी काढली तर जे शोधायचे तेच पुसले जाईल. शिवाय अणू-उपकरण सलग मोजत नाही. अणू थंड करणे, त्यांना झटके देणे, मोजणे आणि पुन्हा नवे अणू गोळा करणे, या चक्रातला मोठा वेळ ते आंधळे असते. जहाजावरच्या त्या गुरुत्वमापकाला म्हणूनच शेजारी एक नेहमीचा त्वरणमापक लागत होता. अणूंना आवर्तनाचा सूक्ष्म भाग कळतो, पण अडीच लाखांतले नेमके कितवे आवर्तन, हे सांगायला तो पारंपरिक सोबती हवा असतो. २०२२ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी तीनही अक्षांवर त्वरण टिपणारे उपकरण दाखवले, तेही अशाच जोडीचे होते. थोडक्यात, ज्याला आपण क्वांटम होकायंत्र म्हणतो ते आज तरी नेहमीचे उपकरण आहे आणि अणू अधूनमधून येऊन त्याचे कान उपटतात. ही भूमिका उपयोगी आहे, पण ती बदली कलाकाराची नव्हे, हिशेबतपासनिसाची आहे.

आणि ते मे २०२४ चे उड्डाण? त्यात होते एक छोटे प्रकाशीय अणुघड्याळ आणि अतिशीत अणूंना घट्ट कोंडून ठेवणारी एक यंत्रणा. दोन्ही गोष्टी हवेत चालणे महत्त्वाचेच. पण घड्याळ म्हणजे मार्ग नव्हे, आणि कोंडलेले अणू म्हणजे अजून व्यतिकरणमापक नव्हे. तो घटकांचा तपास होता. मथळ्यांनी त्याला प्रवास केले.

पन्हळीची कल्पना

अणूला पडू न देण्याची कल्पना इथे येते. लेसरच्या बारीक झोतात किंवा चिपवरच्या तारांतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रात अतिशीत अणू अडकवता येतात. दोन बाजूंनी घट्ट धरायचे, एका दिशेने मोकळे सोडायचे, की झाली पन्हळ. मग मोजण्याचा काळ वाढवला तरी जागा वाढत नाही, आणि विमानाने आडवी ओढ दिली तरी अणू वाट सोडत नाहीत. कौलारू घराच्या पन्हळीतून पावसाचे पाणी जसे हवे त्या हंड्यात नेता येते, तसेच हे.

या वाटेवर झालेले काम वीस वर्षांहून जुने आहे. २००५ मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या गटाने चिपवर बोस-आइन्स्टाइन संघनिताचा व्यतिकरणमापक करून दाखवला. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पोकळ गाभ्याच्या प्रकाशतंतूच्या आत अणूंचे व्यतिकरण घडवले. क्रीट बेटावरच्या गटाने २०१९ मध्ये अणूंचे संघनित वाटोळ्या चुंबकीय मार्गावरून वेगाने फिरवले आणि ते विस्कटले नाही. व्हर्जिनिया विद्यापीठात २०२० मध्ये कोंडलेल्या संघनिताचे दोन जोडमापक एकाच वेळी चालवून वळण मोजले गेले. दोघांना समान बसणारे धक्के वजाबाकीत निघून जातात, हे त्यातले चातुर्य. लॉस अलामॉसच्या गटाने २०२३ मध्ये लेसरची सरळ पन्हळच हलवून अणूंना बंद वाटेची फेरी घालायला लावली. आणि बर्कलीत होल्गर म्यूलर यांच्या गटाने प्रकाशाच्या जाळीत अणू आधी २० सेकंद (२०१९) आणि पुढे ७० सेकंद (२०२४) धरून व्यतिकरण टिकवले. मोकळा अणू २० सेकंदांत जवळजवळ दोन किलोमीटर पडला असता, ७० सेकंदांत चोवीस किलोमीटर. तेवढा प्रवास त्यांनी एका लहानशा निर्वात कोठडीत बसवला.

या कामाबद्दल आदर ठेवूनच पुढचे तीन आक्षेप मांडतो.

पहिला आक्षेप : मानदंड हातातून जातो

मोकळ्या अणूची थोरवी ही, की त्याला कोणी हात लावत नाही. पन्हळीतल्या अणूला सतत हात लावलेला असतो. मग पन्हळ जितकी सरळ, तितकेच मोजमाप खरे.

एक ठोकळ हिशेब करू. रुबिडियमच्या अणूला गुरुत्वाइतक्या आडव्या ओढीविरुद्ध धरायचे, तर पन्हळीच्या रुंदीच्या प्रत्येक मायक्रोमीटरला तपमानाच्या भाषेत सुमारे ०.१ मायक्रोकेल्विन खोली लागते. पन्नास मायक्रोमीटरचा झोत घेतला तर पाच मायक्रोकेल्विन. थोडी सवड ठेवून दहा धरू. आता या पन्हळीची खोली लांबीच्या एका मिलिमीटरमध्ये हजारात एक भाग इतकी जरी बदलली, तरी अणूला तो उतार भासतो. त्या उताराचे खोटे त्वरण निघते गुरुत्वाच्या दशलक्षांशाच्या शंभर पट. आज विमानात बसवलेल्या चांगल्या यांत्रिक त्वरणमापकाची चूक यापेक्षा कमी, काही दशकांच्या घरात असते. म्हणजे हजारात एकाची असमानता राहिली, तर जुने यंत्रच बरे. आणि वळणे जितकी तीव्र तितकी पन्हळ खोल हवी, पन्हळ जितकी खोल तितकी तिची असमानता महाग. ही ओढाताण या पद्धतीच्या पोटातलीच आहे.

असमानता स्थिर असेल तर ती एकदा मोजून वजा करता येईल, असे उत्तर मिळते. ते बरोबर आहे. पण मग आपण पुन्हा कारखान्यातल्या मानदंडाकडे आलो. लेसरची शक्ती, भिंगाचे तपमान, तारेतला प्रवाह यांवर उत्तर अवलंबून राहिले आणि ‘निसर्गात ठरलेला मानदंड’ ही ओळ पत्रिकेतून काढावी लागली. कोंडलेल्या अणूंच्या जायरोस्कोपमध्ये तर अणूंनी किती क्षेत्रफळाला वळसा घातला हेच सापळ्याच्या घट्टपणावर ठरते. त्यात अणू दाटीवाटीने असल्याने एकमेकांना ढकलतात आणि त्या ढकलाढकलीचाही हिशेब चढतो. बर्कलीची प्रकाशजाळी या बाबतीत उजवी आहे, कारण तिच्या पायऱ्या लेसरच्या तरंगलांबीने बांधलेल्या असतात. पण ते काम स्थिर मेजावर गुरुत्व मोजण्याचे आहे, डुलत्या जहाजावर मार्ग शोधण्याचे नाही.

दुसरा आक्षेप : दहा हजार कोटींचे काय झाले?

जायरोस्कोपच्या संदर्भात एक आकडा नेहमी दिला जातो. सारख्याच क्षेत्रफळाला वळसा घातला तर वळणाची जाणीव अणूंना प्रकाशापेक्षा प्रचंड जास्त असते. रुबिडियम अणूची वस्तुमान-ऊर्जा आणि प्रकाशतंतूत वापरल्या जाणाऱ्या अवरक्त प्रकाशकणाची ऊर्जा यांचे ते गुणोत्तर आहे, सुमारे दहा हजार कोटी पट. आकडा खरा आहे. पण ‘सारख्याच क्षेत्रफळाला’ हे शब्द त्यात दडलेले आहेत.

दहा सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर एक किलोमीटर प्रकाशतंतू गुंडाळला, तर प्रकाशाने वळसा घातलेले एकूण क्षेत्रफळ होते २५ चौरस मीटर. व्हर्जिनियाच्या प्रयोगात अणूंचे परिणामी क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस मिलिमीटर होते. उदारपणे एक धरू. फरक अडीच कोटी पटींचा. दहा हजार कोटींतून उरले चार हजार. आता मोजणीचा गोंगाट. दहा मायक्रोवॅट प्रकाश म्हणजे सेकंदाला सुमारे आठ हजार अब्ज गुणिले दहा इतके प्रकाशकण. अणू मात्र एका मोजमापात दहा हजार धरले आणि सेकंदाला एक मोजमाप धरले, तर मोजणीच्या सूक्ष्मतेत प्रकाश सुमारे नव्वद हजार पट पुढे जातो. हिशेब मिटवला तर बाजारात मिळू शकणारा तंतू-जायरोस्कोप वीसेक पट सरस ठरतो.

हे माझे पाठीमागच्या पानावरचे गणित आहे. अणू वाढवा, फेऱ्या वाढवा, चित्र बदलेल. फेऱ्या वाढवण्याकडेच लॉस अलामॉसचा रोख आहे आणि तो योग्यच आहे. मोकळ्या अणूंनीही हे साधले आहे. पॅरिसमधल्या गटाने अकरा चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या जायरोस्कोपमध्ये मधला आंधळा काळ काढून टाकला आणि २०१६ मध्ये जी दीर्घकालीन स्थिरता प्रसिद्ध केली, ती विमानी दर्जापेक्षा कित्येक पट चांगली आहे. पण ते उपकरण जमिनीला खिळलेले आहे. मार्गबद्ध अणूंची स्पर्धा एका बाजूला या पॅरिसच्या उपकरणाशी आणि दुसऱ्या बाजूला स्वस्त, टणक प्रकाशतंतूशी आहे. दोघांमधली जागा रिकामी आहे, पण ती अरुंद आहे. दहा हजार कोटींचा आकडा सांगून ती रुंद होत नाही.

तिसरा आक्षेप : अचूक ओढ, अज्ञात गुरुत्व

समजा, दोन्ही अडचणी सुटल्या आणि निर्दोष त्वरणमापक हाती आला. तरी एक जुना प्रश्न उभाच राहतो. जडत्वीय मार्गनिर्देशनाच्या सुरुवातीच्या काळात जॉर्ज गॅमो या भौतिकशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला होता की बंद पेटीत बसून गुरुत्व आणि त्वरण वेगळे ओळखता येत नाहीत, तेव्हा ‘उभी’ दिशा कोणती हे यंत्राला कळणार कसे? तत्त्वतः तो बरोबर होता. चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९५३ मध्ये सव्वा टन वजनाचे यंत्र बी-२९ विमानात घालून ते मॅसॅच्युसेट्सपासून लॉस एंजलिसपर्यंत नेले आणि व्यवहारात तोड निघते हे दाखवले. तोड अशी, की पृथ्वीचे गुरुत्व आपल्याला आधीच पुरेसे माहीत आहे, ते वजा करा.

‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ यंत्राच्या अचूकतेनुसार बदलतो. डोंगर, दऱ्या, खडकांची घनता यांमुळे ओळंब्याची दिशा आदर्श दिशेपासून काही विकलांनी ढळते. एक विकला ढळली तर गुरुत्वाच्या दशलक्षांशाच्या जवळजवळ पाच पट आडवे खोटे त्वरण दिसते. म्हणजे यंत्र अब्जांशाइतके अचूक असले आणि गुरुत्वाचा नकाशा दशलक्षांशाइतकाच असला, तर वरची सारी अचूकता वाया. उत्तम त्वरणमापक हवा असेल तर आधी उत्तम गुरुत्व-नकाशा हवा. आणि गंमत अशी, की असे नकाशे करायला जहाजावरचे, विमानातले अणू-गुरुत्वमापक आजच सक्षम आहेत. ज्या कामाला वर्तमानपत्रांत दुय्यम जागा मिळते, तेच या क्षेत्राचे पक्के पीक आहे.

इतिहासाची साक्ष, दोन्ही बाजूंनी

इतके आक्षेप घेतल्यावर निकाल प्रतिकूल दिला तर तो अन्याय ठरेल. कारण असाच निकाल एकेकाळी लेसर-जायरोस्कोपबद्दलही देता आला असता. १९६३ मध्ये अमेरिकेत स्पेरी कंपनीत तो पहिल्यांदा चालला. लगेच लक्षात आले की मंद वळणे त्याला दिसतच नाहीत. आरशांवरून विखुरलेल्या प्रकाशामुळे दोन विरुद्ध झोत एकमेकांना चिकटतात. उपाय निघाला तो अगदी गावठी : अख्खे यंत्र सतत थरथरवत ठेवायचे, म्हणजे झोतांना चिकटायला उसंत मिळत नाही. तरीही बोइंगच्या ७५७ आणि ७६७ विमानांत तो रूढ व्हायला १९८० चे दशक उजाडले. वीस वर्षे.

पन्हळीच्या गोष्टीत याचा हुबेहूब पडसाद आहे. चिपवरच्या तारांच्या कडा सूक्ष्म खडबडीत असतात, त्यामुळे प्रवाह किंचित नागमोडी वाहतो आणि अणूंचा ढग तुकड्यांत फुटतो, ही अडचण या शतकाच्या सुरुवातीस समोर आली. फ्रान्समध्ये ओर्सेच्या गटाने २००७ मध्ये तारेतला प्रवाह झपाट्याने उलटसुलट केला. खडबडीतपणाची सरासरी शून्याकडे गेली आणि पन्हळ गुळगुळीत झाली. पुन्हा थरथरवण्याचाच उपाय. म्हणून ‘अशक्य’ हा शब्द मी वापरणार नाही. ‘अजून नाही’ हा वापरेन, आणि वीस वर्षांचा तो अंतराळ लक्षात ठेवेन.

डोनाल्ड मॅकेन्झी यांनी १९९० मध्ये ‘इन्व्हेंटिंग अ‍ॅक्युरसी’ या ग्रंथात क्षेपणास्त्रांच्या मार्गनिर्देशनाचा सामाजिक इतिहास लिहिला. त्यांचे एक निरीक्षण इथे चपखल बसते. यंत्र घडवणाऱ्याला त्याच्या खाचाखोचा माहीत असतात, म्हणून तो साशंक असतो. यंत्रावर विश्वास नसलेला परका माणूसही साशंक असतो. शंका सर्वांत कमी असते ती मधल्याला : जो यंत्र वापरतो, विकतो, त्यासाठी निधी मंजूर करतो. मार्गबद्ध अणूंवरचे मूळ शोधनिबंध वाचले तर त्यांत मर्यादा मोकळेपणाने लिहिलेल्या आढळतात. त्या मर्यादा गळतात त्या निबंधापासून मथळ्यापर्यंतच्या वाटेवर. ही चिकित्सा शास्त्रज्ञांपेक्षा त्या वाटेची आहे.

आपला संबंध

भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. तरतूद आहे ६,००३.६५ कोटी रुपयांची, मुदत २०३०-३१ पर्यंत. त्यातील संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. पुण्याच्या आयसरमध्ये अतिशीत अणूंवर काम चालते. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारात आला आहे, आणि आपल्यापाशी एक महागडा धडाही आहे. आपल्या उपग्रह-मार्गदर्शनाच्या मालिकेतील पहिल्या, आयआरएनएसएस-१ए या उपग्रहावरची तीनही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली. त्याची जागा घेण्यासाठी ऑगस्ट २०१७ मध्ये सोडलेला उपग्रह उष्णताकवच न सुटल्याने वाया गेला, आणि पुढचा एप्रिल २०१८ मध्ये कक्षेत पोचला. देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ उपग्रहावर चढले ते मे २०२३ मध्ये, एनव्हीएस-०१ सोबत. रुबिडियमचा अणू त्या बंद घड्याळांतही निर्दोषच होता. बंद पडले ते अणूभोवतीचे यंत्र.

म्हणून पुढच्या वेळी ‘क्वांटम होकायंत्र’ तयार झाल्याची बातमी आली, तर काही साधे प्रश्न विचारावेत. दिलेला आकडा एका क्षणाच्या संवेदनेचा आहे की तासन्‌तासांच्या स्थिरतेचा? यंत्र हलत होते की मेजावर होते? उत्तरातला किती वाटा अणूंचा आणि किती शेजारच्या नेहमीच्या यंत्राचा? लेसर, निर्वात पंप आणि वीजपुरवठा धरून वजन किती? पन्हळ असेल तर गुरुत्वाइतकी आडवी ओढ दिल्यावर तिचा उतार किती बदलला? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. निधी देणाऱ्या समितीत बसलेल्यांनी ते विचारले नाहीत, तर नुकसान पैशाचे तर होईलच. त्याहून मोठे नुकसान, त्या यंत्रावर भरवसा ठेवून अंधारात जहाज हाकणाऱ्याचे होईल.

मला स्वतःला कोणता पुरावा पटेल, तेही सांगून ठेवतो. डुलत्या जहाजावर, उपग्रहाचा संकेत बंद करून, मार्गबद्ध अणूंचा जायरोस्कोप सलग दहा तास चालवावा. शेजारी चांगला तंतू-जायरोस्कोप ठेवावा. दोघांच्या कच्च्या नोंदी एकाच तक्त्यात छापाव्यात. अणूंचा स्तंभ सरस निघाला तर हा लेख जुना झाला असे मी आनंदाने मानेन.